टेम्प्लेटवरच्या चेअर

६ जानेवारी २०२४, शनिवार. रेडिंग

क्लबच्या नव्या लेआउटचे ट्रॅक टेम्प्लेट काढायचं काम आज माझ्याकडे आलं. स्टेशन काल्पनिक, पण काळ आणि मुलूख पक्का ठरला आहे: १९५५च्या सुमाराची ब्रिटिश रेल्वेची वेस्टर्न रीजन, खेड्यातलं एक जंक्शन, दुहेरी मुख्य मार्ग आणि त्यातून फुटणारा एकेरी फाटा. स्केल एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२. गेज १८.८३ मिलिमीटर, खऱ्या ४ फूट साडेआठ इंचांना ७६.२ने भागलं की हाच आकडा येतो. याला इथले लोक पी-फोर म्हणतात.

दुकानात तयार मिळणारा ट्रॅक १६.५ मिलिमीटरचा असतो. या स्केलमध्ये तो ४ फूट दीड इंच भरतो, आणि त्यातल्या बऱ्याच ट्रॅकचे स्लीपर त्याहूनही लहान, ३.५ मिलिमीटर स्केलच्या मापाने पाडलेले. गाडी त्यावरून छान धावते. पण समोरून पाहिलं की इंजिन अरुंद वाटेवर उभं आहे हे डोळ्याला लगेच खटकतं. म्हणून क्लबातले लोक रूळ हाताने बसवतात, आणि त्यासाठी खाली पूर्ण मापाचा कागद लागतो. तो कागद म्हणजे टेम्प्लेट.

बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं पडलं की रुळाच्या रेषा आणि टिंबरचे, म्हणजे रुळाखालच्या आडव्या लाकडांचे, आयत काढले की झालं, रुळाला धरणाऱ्या चेअर काढून कागद काळा करू नये. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक बांधला आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. तरी माझं मत वेगळं आहे आणि ते मी तिथे सांगितलं: प्रत्येक टिंबरवर, प्रत्येक रुळाखाली, जी चेअर असायला हवी ती कागदावर दिसली पाहिजे.

९ जानेवारी, मंगळवार

का दिसली पाहिजे, ते आज स्वतःसाठी नीट लिहून ठेवते.

आपल्याकडे भारतात जो रूळ सगळीकडे दिसतो त्याला खाली रुंद तळवा असतो. तो स्लीपरवर आपल्या पायावर उभा राहतो. इंग्लंडमध्ये दीर्घ काळ राज्य केलं ते बुलहेड रुळाने, आणि बुलहेडला असा तळवा नसतो. वर जाड डोकं, मध्ये पोट, खाली लहानसा गोलसर बुंधा. त्याला उभं ठेवायला ओतीव लोखंडाची चेअर लागते. चेअरला दोन जबडे. आतला जबडा रुळाच्या अंगाला बसतो, बाहेरचा जबडा थोडा लांब असतो, आणि त्या मधल्या जागेत लाकडाची पाचर ठोकतात. चेअर स्लीपरला स्क्रूंनी किंवा बोल्टांनी जखडलेली. रूळ स्वतः स्लीपरला कुठेच जोडलेला नसतो. त्याचं सगळं वजन, सगळा धक्का चेअरमधून खाली जातो.

या रुळाची सुरुवात जोसेफ लॉक यांच्या दुतोंडी रुळापासून झाली. कल्पना काटकसरीची होती: वरचं तोंड झिजलं की रूळ उलटा करायचा आणि खालचं तोंड वापरायचं. पण रूळ जिथे जिथे चेअरमध्ये बसलेला असे तिथे तिथे खालच्या तोंडावर खड्डे पडत. उलटा केल्यावर चाकं त्या खड्ड्यांवरून खडखडत जात. मग उलटं करणं सोडून दिलं, झीज सोसायला वरचं डोकं मोठं केलं, आणि बुंधा फक्त चेअरमध्ये धरण्यापुरता ठेवला. उलटवायची कल्पना गेली, चेअर मात्र राहिली. पुढे १९४९ साली ब्रिटिश रेल्वेने तळव्याचा रूळ प्रमाण म्हणून स्वीकारला, तरी जुन्या मार्गांवरचं बुलहेड एका दिवसात उठून जाणार नव्हतं. आमच्या १९५५च्या जंक्शनात ते असायलाच हवं.

चेअर आणखी एक काम करते. रूळ ती सरळ उभा धरत नाही, आतल्या बाजूला वीसास एक या प्रमाणात कललेला धरते. चाकाचा घेर किंचित शंकूसारखा उतरता असतो, त्याला हा कल जुळतो.

तर कागदावर नुसता रूळ आणि नुसतं टिंबर असेल, तर रूळ टिंबरवर कशाने उभा आहे हे तो कागद सांगत नाही. ते बांधणाऱ्याने मनाने भरायचं. अनुभवी माणूस भरतो. बाकीचे एकच चेअर सगळीकडे चिकटवत सुटतात, आणि असे ट्रॅक मी प्रदर्शनांत खूप पाहिले आहेत.

१३ जानेवारी, शनिवार

साध्या ट्रॅकपासून सुरुवात. ६० फुटांचा रूळ म्हणजे कागदावर २४० मिलिमीटर. त्याखाली २४ स्लीपर धरले, तर एका रूळजोडीला ४८ चेअर. सांध्याजवळचे स्लीपर जरा जवळ, बाकीचे सारख्या अंतरावर. स्लीपर ८ फूट ६ इंच लांब, १० इंच रुंद. कागदावर ३४ बाय ३.३३ मिलिमीटर.

१९२३च्या एकत्रीकरणानंतर ब्रिटनमध्ये चार मोठ्या कंपन्या राहिल्या, आणि त्या दशकात बुलहेड ट्रॅकची सामाईक डिझाइन आली. त्यातली साधी चेअर एस-१. कागदावर ती सुमारे ५ मिलिमीटर लांब आणि पावणेतीन मिलिमीटरच्या आत रुंद होते. म्हणजे १० इंची स्लीपरवर चेअरच्या दोन्ही बाजूंना अगदी बारीक लाकडी पट्टी उरते. ही पट्टी डोळ्याला दिसली तर चेअर मधोमध आहे, दिसली नाही तर सरकली आहे. चेअर कागदावर असल्याचा हा पहिला फायदा: चूक नजरेनेच सापडते, मोजपट्टी लावावी लागत नाही.

आता प्रश्न रेषेचा. ठाण्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी रोट्रिंगच्या पेनांवर शिकले. तिथले आमचे साहेब म्हणायचे, की नकाशात काय काढलंय यापेक्षा कुठली रेष जाड आणि कुठली बारीक, यावरून माणूस आधी वाचायला लागतो. इथे रुळाच्या डोक्याची रुंदी पावणेतीन इंच, कागदावर ०.९२ मिलिमीटर. त्या दोन रेषा सर्वांत ठळक हव्यात, कारण बांधणारा शेवटी रूळ त्यांच्यावरच ठेवणार. टिंबर मध्यम. चेअरची बाह्यरेष सर्वांत बारीक, एक दशांश मिलिमीटर. स्क्रूची डोकी मी काढून पाहिली आणि पुसली. या मापात ती काळे ठिपके होतात आणि कागद खरोखरच घाण दिसतो. त्या ज्येष्ठांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे.

जबडे काढायचे का? मी पाचरीच्या बाजूचा जबडा एका छोट्या रेघेने दाखवते. एवढ्याने बाहेरची बाजू कोणती ते कळतं, आणि चेअर उलटी लागत नाही.

मूळ आराखडा टेम्प्लॉटमध्ये केला आहे. मार्टिन विन यांचा हा प्रोग्राम इथल्या ट्रॅक बांधणाऱ्यांच्या रोजच्या वापरात आहे. वळण, क्रॉसिंगचा कोन, टिंबरांची मांडणी सगळं त्यात होतं, आणि आता त्यात चेअरच्या बाह्यरेषाही येतात. रेषांची जाडी मात्र मी ड्रॉइंग बाहेर काढून माझ्या पद्धतीने लावते.

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत

ताईचा डोंबिवलीहून फोन. तिळगूळ झाला, मग काय चाललंय विचारलं. मी सांगितलं. "अगं, रूळ तयार मिळत नाहीत का? कोथरूडला त्या जोशांच्या छोट्या रेल्वेच्या म्युझियममध्ये केवढं सगळं धावत होतं!" मी म्हटलं, मिळतात, पण हवे तसे नाही. मग ती एकदम म्हणाली, "मामा असते तर तुझ्याशी तासभर बोलले असते."

खरंच बोलले असते. मामा कर्जत भागात कीमन होते. त्यांच्या वेळी तिथे सीएसटी-नाइन स्लीपर होते: ओतीव लोखंडाच्या दोन थाळ्या, मध्ये जोडणारी पट्टी, आणि रूळ लोखंडी चावीने आवळलेला. मामा रोज खांद्यावर हातोडा घेऊन आपला टप्पा चालायचे, सैल झालेली चावी पुन्हा बसवायचे. ठोका नुसता ऐकून चावी घट्ट आहे की नाही ते सांगायचे. रूळ हलतो, सरकतो, हे मला पुस्तकाच्या आधी त्यांच्याकडून कळलं. शेवटच्या आठवड्यात पाचरींची दिशा ठरवायला बसेन तेव्हा त्यांची आठवण पुन्हा लागेल.

२१ जानेवारी, रविवार

आज दिवसभर टर्नआउट, म्हणजे मार्गातून फाटा फुटतो ती जागा. चेअर का दाखवायच्या याचं खरं उत्तर साध्या ट्रॅकात नाही, इथे आहे. साध्या ट्रॅकात सगळीकडे एस-१. टर्नआउटमध्ये मात्र टिंबर बदललं की चेअर बदलते.

घेतला आहे तो बी-८: बी जातीची स्विच, आणि आठास एक क्रॉसिंग. टंग रेलच्या टोकाकडून चालत गेले.

टंग रेल सरकते. तिच्याखाली स्लाइड चेअर, तिला सपाट गुळगुळीत पाट, त्यावरून ती घसरते. शेजारच्या स्थिर स्टॉक रेलच्या आतल्या बाजूला ती येऊन टेकते, तेव्हा तिथे आतल्या जबड्याला जागाच नाही. म्हणून इथे पाचर नसते; स्टॉक रेल बाहेरच्या जबड्याला आडव्या बोल्टने आवळलेली असते. मॉडेलमध्ये या जागी साधी चेअर लावली तर टंग रेल तिच्या जबड्यावर चढते आणि सांधा पूर्ण बंद होत नाही. ही केवळ दिसण्याची बाब नव्हे, गाडी घसरते.

त्यापुढे टंग रेल स्थिर होते. तिथे दोन्ही रूळ मधल्या ठोकळ्याने ठरावीक अंतरावर धरणाऱ्या चेअर लागतात, आणि प्रत्येक टिंबरवर ते अंतर वाढत जातं, म्हणून प्रत्येकीचा ठोकळा वेगळा. खऱ्या रेल्वेत या चेअरना क्रमांक असत, आणि क्रमाने त्या लावल्या की वळणाची सुरुवात आपोआप बरोबर येई. गँगमनला हिशेब करायची गरज नव्हती. ओतकामातच हिशेब होता.

मग रूळ एकमेकांपासून दूर जातात. पण एस-१ लगेच मावत नाही. दोन शेजारच्या रुळांमधलं अंतर सुमारे सव्वा फुटाच्या आत असेल तर दोन एस-१ एकमेकींवर चढतात. तिथे आखूड ब्रिज चेअर वापरतात, एल-१. कागदावर चेअर काढलेल्या असल्या की हे शोधावं लागत नाही. दोन बाह्यरेषा एकमेकींना छेदताना दिसतात, आणि एस-१ कुठे संपते, एल-१ कुठे सुरू होते, ते त्या टिंबरवर लिहिलेलंच असतं. क्रॉसिंगच्या बाजूने येताना हेच उलट्या क्रमाने.

क्रॉसिंग सर्वांत अवघड. इथे चार रूळ एका जागी येतात: नाक बनवणारे दोन आणि दोन पंखांचे. त्यांना एकत्र धरणाऱ्या मोठ्या चेअर क्रॉसिंगच्या कोनानुसार ओतलेल्या असत. आठास एकच्या चेअर सातास एकला बसत नाहीत. त्या टेम्प्लेटवर आयत म्हणून दाखवल्या तर खोटं होतं. त्यांचा आकार कोनाबरोबर बदलतो आणि तो तसाच काढला पाहिजे. या भागावर माझी दुपार गेली आणि ती सत्कारणी लागली असं मला वाटतं.

नाकाच्या समोर, बाहेरच्या रुळाला लागून, चेक रेल. रूळ आणि चेक रेल दोन्ही एकाच ओतीव चेअरमध्ये, मधली फट पावणेदोन इंच. पी-फोरमध्ये ती ०.५८ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापाची चेअर जशीच्या तशी चालते. ईएम गेजमध्ये, म्हणजे १८.२ मिलिमीटरच्या गेजमध्ये, हीच फट १ मिलिमीटर ठेवतात, कारण तिथली चाकं जाड. मग खरी चेअर त्या फटीत बसत नाही. तिला रुंदीत ताणून काढावं लागतं. ईएमवाल्या मित्रांसाठी टेम्प्लेट करायचं तर चेक चेअर आधी बदलायची, मग बाकीचं.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चेअर रुळाला काटकोनात बसते, टिंबरला नाही. टर्नआउटमध्ये टिंबर मुख्य मार्गाला काटकोनात टाकलेली असतील, तर फाट्याच्या रुळाखालच्या चेअर टिंबरवर किंचित तिरक्या बसतात. जसजसा फाटा वळत जातो तसतसा तिरकेपणा वाढतो. टिंबर १२ इंच रुंद असतं म्हणून त्या तिरक्या बसूनही कडेबाहेर जात नाहीत. हा तिरकेपणा खऱ्या ट्रॅकच्या फोटोत लगेच ओळखू येतो, आणि मॉडेलमध्ये तो नसला की कारण न कळता ट्रॅक कृत्रिम वाटतो. सगळ्या चेअर टिंबरशी समांतर लावलेल्या असतात म्हणून तसं वाटतं. हे टेम्प्लेटने दाखवलं नाही तर बांधणाऱ्याला कोण सांगणार?

२८ जानेवारी, रविवार

साइडिंगचं ठरवलं. मुख्य मार्ग नव्याने टाकलेला, एस-१चा. साइडिंगमध्ये जुना ग्रेट वेस्टर्नचा माल. मुख्य मार्गातून काढलेले रूळ आणि चेअर साइडिंगमध्ये वापरणं ही रेल्वेची जुनी रीत, त्यामुळे स्टेशनच्या बाजूच्या रुळांवर मागच्या पिढीचा इतिहास पडलेला असे.

ग्रेट वेस्टर्नची जुनी चेअर वेगळी आहे. तिला दोन बोल्ट, तेही स्लीपरमधून आरपार जाणारे. एस-१ला तीन स्क्रू. रूळही वेगळा, यार्डाला साडेसत्त्याण्णव पौंड, तर प्रमाण रूळ ९५ पौंडांचा. १९२०च्या दशकातल्या सामाईक डिझाइनपासूनही ग्रेट वेस्टर्न बराच काळ दूर राहिली, आपल्याच स्विच आणि आपल्याच चेअर वापरत राहिली. तिच्या टर्नआउटवर डेव्हिड स्मिथ यांचं स्वतंत्र पुस्तक आहे, आणि साइडिंगच्या सांध्यांसाठी मला त्याचाच आधार आहे.

टेम्प्लेटवर दोन प्रकारच्या चेअर म्हणजे दोन वेगळे आकार. त्यांच्यासाठी रंग मी वापरणार नाही. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरही कळलं पाहिजे. आकार वेगळे आहेत, तेवढं पुरतं. आणि टिंबरच्या टोकाबाहेर चेअरचं अक्षर लिहायचं: एस-१, एल-१, स्लाइड चेअरला पी, चेक चेअरला सीसी. बांधणारा डबीतून चेअर काढताना अक्षर वाचतो, लावताना आकार पाहतो.

६ फेब्रुवारी, मंगळवार

छपाई. घरच्या प्रिंटरवर माप दोन्ही दिशांना तपासायचं, आडवं बरोबर आलं म्हणून उभं बरोबर असतं असं नाही. स्टीलची पट्टी लावून कागदावरचं माप बघितल्याखेरीज दोन पानं जोडायची नाहीत. ओलसर हवेत कागद फुगतो. एवढंच.

१० फेब्रुवारी, शनिवार

क्लबात लांबलचक बोलणं झालं, आणि ते लिहून ठेवण्याजोगं आहे.

आतापर्यंत मी चेअर चित्र म्हणून काढत होते. रूळ बसवण्याच्या जुन्या रीतींत चेअर हे चित्रच असतं. प्लायवूडच्या टिंबरांना भोक पाडून पितळी रिव्हेट बसवायचं, रूळ रिव्हेटला डाग द्यायचा, आणि मग दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या अर्ध्या चेअर चिकटवायच्या. किंवा तांब्याचा थर असलेल्या पट्ट्यांवर रूळ डागायचा, तिथे तर चेअर नसतातच. या दोन्हींत गेज हातातल्या धातूच्या गेजने पकडलेलं असतं. चेअर नंतर येते आणि वजन उचलत नाही. त्या ज्येष्ठांनी आयुष्यभर रिव्हेटवर काम केलं आहे. त्यांना टेम्प्लेटवर चेअर नको वाटते यात त्यांचं काहीच चुकत नाही.

पण आता आमच्यातले तिघे-चौघे थ्रीडी प्रिंटवर गेले आहेत. रेझिनमध्ये छापलेली चेअर, तिच्या खाली एक खुंटी. टिंबरमध्ये तेवढीच खाच. चेअर खाचेत दाबून बसवायची, रूळ जबड्यांत सरकवायचा. हातात गेज धरायची गरजच उरत नाही. खाच जिथे आहे तिथेच चेअर बसते, आणि चेअर जिथे आहे तिथेच रूळ. म्हणजे गेज आता ड्रॉइंगमध्ये आहे. चेअरची जागा दोन दशांश मिलिमीटर चुकली तर रूळ तेवढा चुकतो आणि पी-फोरच्या चाकाला ते पुरतं.

टिंबर लेझरने कापायचं तर लेझरच्या किरणाची स्वतःची रुंदी असते, ती खाचेतून आधी वजा करावी लागते. रेझिन घट्ट होताना थोडं आक्रसतं, ते चेअरच्या मापात आधी वाढवावं लागतं. या दोन गोष्टी जुळल्या की चेअर हलकं दाबून बसते आणि निघत नाही.

मला याचा फार आनंद झाला. जुन्या रेल्वेत कारखान्यातल्या ओतकामाने रुळाची जागा ठरे, स्लीपरवर मोजणी करून नव्हे. चेअरची भोकं कुठे आहेत यावर गेज अवलंबून असे. मॉडेलवाले इतकी वर्षं गेज हाताने पकडत आले. आता आमच्या मॉडेलमध्येही चेअर तेच काम करते जे खऱ्यात करते.

रिव्हेटवाल्यांसाठी उपाय निघाला. चेअरच्या बारीक बाह्यरेषेच्या आत, रुळाच्या मध्यावर, एक छोटी अधिकची खूण. रिव्हेटचं भोक तिथे. आधीच्या टेम्प्लेटवर ती जागा ते अंदाजाने धरत.

२४ फेब्रुवारी, शनिवार

वडिलांबरोबर एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आला होता. क्लबात नवा. बी-८चं टेम्प्लेट फळीवर चिकटवून त्याला दिलं आणि बाजूला झाले. त्याने आधी सगळी अक्षरं वाचून चेअर वाटीवाटीत वेगळ्या केल्या. मग फाट्याकडच्या चेअर लावताना थांबला, टेम्प्लेटकडे बघितलं, आणि चेअर तिरकी फिरवून रुळाशी जुळवली. कोणी सांगितलं नव्हतं. नंतर त्याने विचारलं की स्लाइड चेअरला पाचर का नाही. मी स्टॉक रेल आणि टंग रेलचे तुकडे हातात धरून दाखवलं. त्याने "अच्छा, तिथे जागा नाही" अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि पुढच्या टिंबरला गेला.

ज्येष्ठ सभासद हे सगळं पाहत होते. त्यांनी आपल्या पुढच्या सांध्यासाठी चेअर आणि रिव्हेटची खूण, दोन्ही असलेली प्रत मागून घेतली.

२३ मार्च, शनिवार. डिडकॉट

डिडकॉट रेल्वे सेंटरला गेले. तिथे ब्रुनेलच्या ७ फूट पाव इंचाच्या ब्रॉडगेजचा नमुना टाकलेला आहे. लांबच लांब लाकडी तुळयांवर पालथ्या खोबणीसारखा ब्रिज रूळ, मधूनमधून आडवे दांडे, आणि चेअर एकही नाही. लाकूड रुळाला सगळ्या लांबीभर आधार देतं, म्हणून तिची गरज नव्हती. मे १८९२मध्ये हे गेज संपलं. त्याचं टेम्प्लेट काढायचं तर तुळयांची आणि दांड्यांची मापंच मुख्य. तिथे कोणी चेअर दाखवली तर ते चुकीचं होईल.

परतीच्या आधी आवारातल्या बुलहेड ट्रॅकजवळ थांबले, बंद रुळावर, परवानगी घेऊन. चेअरवर ओतलेली अक्षरं असतात: कंपनीचं नाव, साल, चेअरचा प्रकार. गंजाने काही बुजलेली. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की अक्षरं उमटतात. अशी दोन-तीन घासून आणली. ४ मिलिमीटरच्या मापात ती अक्षरं वाचता येणार नाहीत, छापायचा प्रयत्नही करणार नाही. पण जबडा किती जाड, पाचर किती पुढे आलेली, बोल्टचा नट कसा बसलेला, हे हाताने चाचपून आल्यावर साइडिंगच्या चेअरची बाह्यरेष मी पुन्हा काढणार. पुस्तकातल्या ड्रॉइंगमध्ये जबड्याचा बाक कळत नाही.

२६ मार्च, मंगळवार

राहिलेली एकच गोष्ट होती: पाचरींची दिशा.

गाड्या ज्या दिशेने जातात त्या दिशेने रूळ हळूहळू पुढे सरकतो. ब्रेक लागतो तिथे आणि उतारावर जास्त. म्हणून दुहेरी मार्गावर पाचर गाड्यांच्या दिशेने ठोकतात. रूळ सरकू लागला की पाचर त्याच्याबरोबर आत ओढली जाते आणि अधिक घट्ट बसते. उलट दिशेने ठोकली तर रूळ तिला बाहेर ढकलतो. मामा हेच सांगायचे, सीएसटी-नाइनच्या चाव्यांबद्दल: डाउन लाइनला एका बाजूने, अप लाइनला दुसऱ्या. बोरघाटात चढ सदतीसास एकचा, तिथे रुळाचं सरकणं त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलेलं.

एकेरी मार्गावर गाड्या दोन्हीकडून येतात, तर पाचरी आलटून पालटून ठोकतात: एक या बाजूने, पुढची त्या बाजूने. आमचा फाटा एकेरी आहे. तेव्हा मुख्य मार्गाच्या दोन्ही लाइनवर बारीक बाण गाड्यांच्या दिशेने, फाट्यावर आलटून पालटून. टर्नआउटच्या आत, जिथे पाचर आहे तिथे फाट्याच्या रुळावर कुठला नियम लावायचा, यावर विचार करावा लागला. टर्नआउट मुख्य मार्गात आहे, पण फाट्याकडे गाड्या दोन्ही बाजूंनी जातात. मी फाट्याच्या रुळावर क्रॉसिंगपर्यंत मुख्य मार्गाची दिशा ठेवली आहे, क्रॉसिंगनंतर आलटून पालटून. रेझिनच्या चेअरमध्ये पाचर ओतूनच येते, म्हणून दोन्ही दिशांच्या चेअर वेगळ्या छापाव्या लागतील आणि वाट्या वाढतील. छापणाऱ्या सभासदांना तसं कळवलं. मुख्य मार्गाच्या डाउन बाजूची पानं उद्या रात्री छापायला घेते, अप बाजूची शनिवारी क्लबात, तिथला मोठा प्रिंटर मोकळा असेल तर.